संगणकातील विषाणू : ओळखावा कसा, काढावा कसा?

दहावीच्या अंतर्गत गुणांच्या याद्या कचेरीत द्यायच्या होत्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी मानपाड्यातील एका शाळेच्या बाईंचा मला दूरध्वनी आला. दुपारी त्या पेन ड्राइव्ह घेऊन छपाईसाठी एका झेरॉक्सच्या दुकानात गेल्या होत्या. शाळेत परत येऊन तो संगणकाला जोडला, तर आतले दहाही फोल्डर नावानिशी दिसत होते. पण प्रत्येकावर एक छोटा बाण आला होता आणि एकही उघडत नव्हता.

"सर, दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा, व्हायरस जाईल. मारू का?"

"थांबा, बाई. पेन ड्राइव्ह किती भरलेला दिसतो तेवढे आधी सांगा."

"सोळा जीबीपैकी सहा जीबी."

"आणि बाण आलेल्या त्या फोल्डरांचा आकार?"

"प्रत्येकी दोन केबी."

"मग तुमचे गुण आतच आहेत. फॉरमॅट मारलात, तर मात्र ते खरोखरच जातील."

या उत्तरात जादू काहीच नव्हती. दहा वस्तू, प्रत्येकी दोन केबी, म्हणजे एकूण वीस केबी. वापरलेली जागा मात्र सहा जीबी. हिशेब जुळत नव्हता. जागा भरलेली आहे आणि भरणारी वस्तू दिसत नाही, याचा अर्थ ती कोणीतरी लपवली आहे. संगणकाच्या विषाणूंचा शोध बऱ्याचदा अशा न जुळणाऱ्या हिशेबापासूनच सुरू होतो. हे नीट समजण्यासाठी आपण पस्तीसहून अधिक वर्षे मागे जाऊ आणि आडनावाने आपल्या चांगल्याच ओळखीच्या असलेल्या एका विषाणूची गाठ घेऊ.

विषाणू म्हणजे नेमके काय?

संगणकाचा विषाणू हा एक प्रोग्रामच असतो. धूळ, ओलावा किंवा विजेचा झटका यांतून तो उद्भवत नाही. कोणीतरी माणूस तो लिहितो. इतर प्रोग्रामपेक्षा त्याचे वेगळेपण एवढेच, की तो स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रामला किंवा चकतीच्या एखाद्या भागाला चिकटवतो. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८३-८४च्या सुमारास या प्रकारच्या प्रोग्रामचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 'विषाणू' ही संज्ञा रूढ झाली.

जैविक विषाणूशी त्याचे साम्य एका बाबतीत अगदी चपखल आहे. जिवंत पेशीबाहेर जैविक विषाणू निष्क्रिय असतो. संगणकाचा विषाणूही चकतीवर नुसता पडून असताना काही करू शकत नाही. तो 'चालवला' गेला, म्हणजे त्यातील आज्ञा संगणकाच्या प्रक्रियकाने पार पाडल्या, तरच तो जागा होतो. म्हणून विषाणू लिहिणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न हाच असतो, की आपला प्रोग्राम वापरणाऱ्याच्या हातून नकळत कसा चालवला जाईल?

बोलीभाषेत आपण सगळ्यालाच 'व्हायरस' म्हणतो. काटेकोरपणे पाहता, दुसऱ्या प्रोग्रामचा आधार न घेता जाळ्यावरून स्वतःच पसरतो तो 'कृमी'. उपयोगी असल्याचे सोंग घेऊन आत शिरतो तो 'ट्रोजन'. फायली सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून पैसे मागतो तो 'खंडणीखोर' प्रोग्राम. ओळखण्याची आणि काढण्याची तत्त्वे मात्र बरीचशी समान आहेत.

वाढदिवस जोशींचा

१९९०च्या जून महिन्यात भारतात एक विषाणू वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव 'जोशी'. दरवर्षी ५ जानेवारी या तारखेला तो लागण झालेला संगणक थबकवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित करण्याची सूचना पडद्यावर दाखवी. वापरणाऱ्याने निमूटपणे शुभेच्छा दिल्या, की संगणक पुन्हा चालू होई! त्या काळी तो भारतात सर्वत्र आढळत होता आणि आफ्रिकेच्या काही भागांतही पोहोचला होता.

तो पसरे कसा? संगणक सुरू होताना प्रथम चकतीचा अगदी पहिला भाग वाचतो. या भागाला 'सेक्टर' म्हणतात आणि त्यात ५१२ बाइट मावतात. पुढे काय वाचायचे याच्या आज्ञा तेथे असतात. त्या काळच्या संगणकात फ्लॉपी राहून गेली, तर तो आधी फ्लॉपीचाच पहिला सेक्टर वाची. 'जोशी' नेमका तेथे ठाण मांडून बसे. लागण झालेली फ्लॉपी विसरून संगणक सुरू केला, की पहिली आज्ञा विषाणूची पाळली जाई. मग तो स्मृतीत जाऊन बसे, हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःला लिही आणि त्यानंतर घातलेल्या फ्लॉप्यांनाही लागण करी.

पण विषाणू ५१२ बाइटमध्ये मावत नव्हता. मग उरलेला भाग कोठे ठेवायचा? ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० मार्गिका असतात. प्रत्येक बाजूच्या प्रत्येक मार्गिकेत ९ सेक्टर; म्हणजे ४० × २ × ९ × ५१२ = ३,६८,६४० बाइट, अर्थात ३६० केबी. 'जोशी' या ४० मार्गिकांच्या पलीकडे एक्केचाळिसावी मार्गिका तयार करून तेथे उरलेला मजकूर ठेवी. डॉस ही प्रचालन प्रणाली तिकडे कधी पाहतच नसे. वहीच्या समासाबाहेर, पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे, तसाच हा प्रकार. हार्ड डिस्कवर तो पहिल्या सेक्टरमागील सेक्टरांत राही आणि तेथला मूळ पहिला सेक्टर नवव्या सेक्टरमध्ये जपून ठेवी.

साक्षीदारच फितूर असेल तर?

आता ओळखण्याचा प्रश्न. पहिला सेक्टर वाचून पाहावा, विषाणू असेल तर दिसेलच, असे आपल्याला वाटेल. पण 'जोशी'ने याची तजवीज केली होती. स्मृतीत बसलेला विषाणू चकती वाचण्याची प्रत्येक विनंती मध्येच अडवी. कोणी हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर मागितला, तर तो नवव्या सेक्टरमध्ये ठेवलेली निरोगी प्रत पुढे करी! तपासणाऱ्याला सर्व काही ठीक दिसे. हीच युक्ती १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या 'ब्रेन' या विषाणूने आधी वापरली होती.

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा दाबून संगणक पुन्हा सुरू करावा, तर 'जोशी' तेही ओळखी आणि स्मृतीतील आपली जागा सोडत नसे.

तरी एका ठिकाणी तो पकडला जाई. स्मृतीत राहायचे तर जागा लागते. 'जोशी'ला सुमारे ६ केबी लागत. ६४० केबी स्मृती असलेल्या निरोगी संगणकावर 'चेकडिस्क' ही आज्ञा दिली, की एकूण स्मृती ६,५५,३६० बाइट दिसे. 'जोशी' आत असताना त्यातून ६,१४४ वजा होऊन ६,४९,२१६ हा आकडा येई. चेहरा लपवता आला, तरी व्यापलेली जागा लपवता आली नाही. आपल्या बाईंच्या पेन ड्राइव्हमधील सहा जीबींची गोष्ट हीच आहे.

संशय पक्का करण्याची रीतही त्यातूनच निघते. संगणकाची वीज बंद करायची. वीज गेली, की स्मृती पुसली जाते आणि विषाणूचा पहारा उठतो. मग खात्रीच्या, लेखनबंद केलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर पाहायचा. त्याचे पहिले दोन बाइट षोडशमान पद्धतीत 'ईबी १एफ' असले, तर तो 'जोशी'. ईबी म्हणजे 'उडी मार' आणि १एफ म्हणजे ३१. ३१ बाइट ओलांडून विषाणूच्या मजकुराकडे जा, अशी ती आज्ञा होती. निरोगी डॉस फ्लॉपीचा आरंभही ईबीनेच होतो, पण पुढचा आकडा वेगळा असतो, उदाहरणार्थ ३सी. म्हणून केवळ पहिला बाइट पाहून निदान करणे धोक्याचे.

काढण्याचा उपायही याच वेळी करायचा : नवव्या सेक्टरमधील मूळ प्रत पहिल्या सेक्टरमध्ये परत ठेवायची. त्या काळी 'सबंध हार्ड डिस्क फॉरमॅट करा' असा सल्ला सर्रास दिला जाई. विषाणूची रचना समजली, तर एक सेक्टर परत लिहून काम भागते. न समजली, तर वर्षभराचे काम पुसले जाते.

'जोशी'ने शिकवलेला धडा आजही तसाच लागू आहे. आजारी संगणकाने स्वतःविषयी दिलेल्या साक्षीवर विसंबू नये. तपासणी नेहमी बाहेरून, निरोगी साधनावरून करावी.

नाव तेच, पत्ता वेगळा

ठाणे परिसरात एखाद्याला "मानपाड्याला जायचे आहे" म्हटले, तर तो विचारील, "कोणत्या?" एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, तर दुसरे डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर. नाव ऐकून निघालो, तर चुकीच्या ठिकाणी उतरण्याची शक्यता बरीच.

विषाणू लिहिणारे याच गोंधळाचा फायदा घेतात. विंडोज प्रणालीत 'एसव्हीसीहोस्ट' नावाचा एक अत्यावश्यक प्रोग्राम असतो. त्याची जागा विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरात. त्याच नावाची फाइल 'डाउनलोड्स'मध्ये किंवा पेन ड्राइव्हवर दिसली, तर ती संशयास्पद समजावी. म्हणजे नावाबरोबर पत्ता आणि निर्मात्याची अंकीय स्वाक्षरीही पाहावी. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज सहसा लपवते. तो दिसेल अशी व्यवस्था केली, तर 'गुणपत्रक' या नावामागे खरोखर तक्ता आहे की चालवण्याजोगा प्रोग्राम, हे चटकन कळते.

विषाणूरोधक प्रोग्रामही ओळख पटवण्यासाठी प्रथम 'खूण' शोधतो. प्रत्येक ज्ञात विषाणूतील बाइटांचा एखादा वैशिष्ट्यपूर्ण क्रम त्याच्या यादीत असतो. ही खूण किती लांब हवी? दोन बाइटांचे ६५,५३६ वेगवेगळे क्रम होतात. ठरावीक जागी पाहायचे असेल तर तेवढे पुरेल. पण लाखो बाइटांच्या फायलीत दोन बाइटांची जोडी योगायोगानेही कितीतरी वेळा सापडेल. खूण १६ बाइटांची घेतली, तर शक्य क्रमांची संख्या सुमारे ३४ च्या पुढे ३७ शून्ये एवढी होते आणि योगायोग जवळपास संपतो.

१९९०च्या दशकात पुण्यात कैलास काटकर यांच्या यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधून 'क्विक हील' हा विषाणूरोधक उभा राहिला, तो अशाच खुणा शोधून. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू पुनःपुन्हा सापडत, हे त्यामागचे कारण.

परंतु खूण ठाऊक असलेलाच विषाणू या पद्धतीने सापडतो. नव्यासाठी प्रोग्रामचे वर्तन पाहावे लागते : तो एकाच मिनिटात शेकडो फायली बदलतो आहे का, स्वतःच्या प्रती पेन ड्राइव्हवर टाकतो आहे का? तरीही पूर्ण खात्री मिळत नाही. याचे कारण तत्त्वातच आहे आणि ते वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सहज सांगता येईल. समजा, कधीही न चुकणारा तपासनीस प्रोग्राम कोणी बनवला. आता असा एक प्रोग्राम लिहू, की जो आधी त्या तपासनिसाला स्वतःविषयीच विचारतो. तपासनीस 'विषाणू आहे' म्हणाला, तर हा काहीच करत नाही. 'नाही' म्हणाला, तर हा पसरू लागतो. तपासनिसाचे उत्तर काहीही असो, ते चुकीचेच ठरते! म्हणजे असा परिपूर्ण तपासनीस असूच शकत नाही. हा युक्तिवाद कोहेनने मांडला. म्हणून 'अँटिव्हायरस आहे, आता काळजी नाही' हे विधान कोणत्याही जाहिरातीत असले, तरी ते खरे मानू नये.

न्हावा-शेव्यातील धडा

२७ जून २०१७ रोजी उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. वर्षाला १८ लाख प्रमाण-पेट्या हाताळण्याची क्षमता असलेले ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाची कंपनी चालवत होती, आणि 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने त्या समूहाचे संगणक जगभर बंद पाडले होते. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अद्ययावत प्रतीत होता. तेथून तो विंडोजमधील एका उणिवेचा आणि संगणकांतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांचा उपयोग करून पसरला. या उणिवेवरचा इलाज मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता.

'जोशी'प्रमाणेच 'नॉटपेट्या'ही हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शिरे. मग संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर 'चेकडिस्क' दुरुस्ती करत असल्याचे दिसे. ते सोंग होते. दुरुस्तीच्या नावाखाली चकतीवरील फायलींची अनुक्रमणिका सांकेतिक लिपीत बदलली जात होती. ज्या 'चेकडिस्क'ने १९९०मध्ये 'जोशी'ला पकडून दिले, तिचाच मुखवटा २०१७मध्ये विषाणूने चढवला! त्या क्षणी ज्यांनी वीज बंद केली, त्यांचा मजकूर वाचण्याची आशा होती. नंतर ३०० डॉलरची खंडणी मागणारा संदेश येई. परंतु विषाणूची रचनाच अशी होती, की पैसे भरूनही कुलूप उघडणे शक्य नव्हते.

मर्स्कचे जाळे पुन्हा उभे करण्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या माहितीसंचाची एकच प्रत जगात वाचली होती, ती घानातील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला जे भारनियमनाच्या कृपेने मिळाले, ते आपण ठरवून करू शकतो : महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत संगणकापासून तोडून, कपाटात ठेवायची.

काढण्याची रीत

शाळेतील संगणकाला लागण झाल्याचा संशय आला, तर पुढील क्रमाने जावे.

१. प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा; तार काढावी, वायफाय बंद करावे. जोडलेले पेन ड्राइव्ह काढून बाजूला, खूण करून ठेवावेत. राखीव प्रतीची चकती या संगणकाला मुळीच लावू नये. फायली डोळ्यांदेखत बदलत असतील, तर सरळ वीज बंद करावी.

२. पडद्यावरील संदेशाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. विषाणूची जात कळली, की त्यावरचा नेमका उपाय शोधता येतो. खंडणी भरू नये. भरल्याने फायली परत मिळतीलच असे नाही.

३. त्या संगणकावरून वापरलेले परवलीचे शब्द दुसऱ्या, निरोगी संगणकावरून बदलावेत. बँकेचा व्यवहार गुंतला असेल, तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

४. तपासणी बाहेरून करावी. विंडोज १० व ११मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'ची 'ऑफलाइन' तपासणी आहे. ती निवडल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासला जातो. दुसरा मार्ग म्हणजे निरोगी संगणकावर विषाणूरोधकाचा 'बचाव' पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून आजारी संगणक सुरू करणे. हीच आजची लेखनबंद फ्लॉपी.

५. सापडलेली फाइल लगेच नष्ट न करता विलगीकरणात ठेवावी. विषाणूरोधकाचेही निदान चुकू शकते.

६. शंका उरलीच, तर फायली सुरक्षित ठिकाणी उतरवून विंडोज नव्याने टाकावे. उतरवताना फक्त मजकूर, तक्ते आणि छायाचित्रे घ्यावीत; प्रोग्राम घेऊ नयेत. तक्त्यातही 'मॅक्रो' नावाच्या आज्ञा असू शकतात. फाइल उघडताना त्या चालू करण्याची परवानगी मागितली गेली, तर देऊ नये. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

७. एक संगणक साफ करून थांबू नये. शाळेतील सर्व संगणक आणि सर्वांचे पेन ड्राइव्ह एकाच दिवशी तपासावेत. एक जरी राहिला, तरी आठवड्याभरात सगळे पुन्हा आजारी.

याला जोड प्रतिबंधाची. प्रणाली अद्ययावत ठेवावी. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुन्या संगणकांबाबत लक्षात घ्यावे. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'तर्फे २०१७पासून विषाणू काढण्याची साधने विनामूल्य दिली जातात. आणि छपाईसाठी बाहेर न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा. त्यात छापायची फाइल सोडून दुसरे काही असू नये.

बाईंचे गुण

आता त्या दहा बाणांकडे वळू. दुकानातील संगणकावरच्या विषाणूने बाईंच्या प्रत्येक फोल्डरला 'लपलेला' आणि 'प्रणालीचा' असे दोन शिक्के मारले आणि त्याच नावाचा एक जोडदुवा बाहेर ठेवला. त्या दुव्यावर टिचकी मारली, की आधी विषाणू चालायचा आणि मग खरा फोल्डर उघडायचा. त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. बाईंच्या शाळेतील विषाणूरोधकाने पेन ड्राइव्ह लावताच विषाणूची फाइल उचलली; पण शिक्के तसेच राहिले आणि दुवे नसलेल्या फायलीकडे बोट दाखवत राहिले. म्हणून काहीच उघडेना.

फोल्डरच्या पर्यायांत जाऊन लपलेल्या तसेच प्रणालीच्या संरक्षित फायली दाखवण्याची व्यवस्था केल्यावर दहाही फोल्डर फिकट रंगात समोर आले. बाईंनी बाणांना हात न लावता त्यांतील याद्या आणि इतर कागद संगणकावर उतरवले, तपासून घेतले, उघडून पाहिले आणि त्यानंतरच पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला. दुसऱ्या दिवशी याद्या वेळेवर गेल्या. दुकानदारालाही त्यांनी जाऊन सांगितले, हे मला विशेष वाटले. कारण त्या दिवशी तेथे पेन ड्राइव्ह लावणाऱ्या त्या एकट्याच नसणार.

वर्गात करून पाहण्याजोगा एक निर्धोक प्रयोग सुचवतो. एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर तीन फोल्डर ठेवा, त्यांपैकी एकाच्या गुणधर्मांत 'लपलेला' ही खूण करा आणि विद्यार्थ्यांना विचारा : दिसणाऱ्या फायलींच्या आकारांची बेरीज आणि वापरलेली जागा जुळते का? नसेल, तर उरलेले बाइट कोठे गेले? ज्याला हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तो घाईने फॉरमॅटची कळ दाबणार नाही.